बेंड पाईप घरी बदलताना: आधी सगळं सैल, मग पुढून मागे घट्ट

मोटारसायकलच्या इंजिनच्या तोंडापासून मफलरपर्यंत (सायलेन्सरपर्यंत) जाणारा धुराचा वळणदार पाईप, म्हणजे आपला बेंड पाईप, घरच्या अंगणात बदलता येतो. लेथ लागत नाही, लिफ्ट लागत नाही. तरी बदलून आठवडा होत नाही तोवर तक्रारी सुरू होतात: थंड गाडी चालू केली की टिकटिक येते, थ्रॉटल सोडला की फटाके वाजतात, नट सारखे ढिले होतात, नाहीतर स्टड, म्हणजे इंजिनातून बाहेर आलेला नट बसायचा आट्यांचा दांडा, तोच तुटून हातात येतो. मग लोक पाईप बनवणाऱ्याला शिव्या घालतात.

बहुतेक वेळा चूक पाईपची नसते, आवळण्याच्या क्रमाची असते. इंजिनकडचे दोन नट आधी गच्च आवळायचे आणि मग मफलर ओढूनताणून फ्रेमच्या बोल्टात बसवायचा, ही सवय घातक आहे. पाईप तिथे बसलेला दिसतो, पण ताणात राहतो. गॅस्केट (सांध्यात दबून फट बुजवणारी कडी) एका अंगाला जास्त दबतं, दुसऱ्या अंगाला फट राहते, स्टडवर आडवा जोर येतो, आणि पाईप तापून लांबला की हे सगळं आणखी वाढतं. खाली दिलेला क्रम हा ताण राहू नये म्हणून आहे. पायऱ्या पुढेमागे करू नका.

इथे एका सिलिंडरची, इंजिनच्या तोंडाला दोन स्टड असलेली गाडी धरली आहे. बुलेट, क्लासिक ३५० या जातीची. बऱ्याच लहान गाड्यांत बेंड आणि मफलर एकसंध असतो, तिथे क्लॅम्पची (बेंड आणि मफलरचा सांधा आवळणाऱ्या पट्टीची) पायरी सोडून द्या. इंटरसेप्टरसारखी दोन सिलिंडरची गाडी असेल तर दोन्ही पाईप सैल टांगून झाल्याशिवाय एकही नट आवळू नका.

## ०. पैसे देण्याआधी

कायदा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करू देत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी कलम १८२-अ खाली मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. आवाज आणि धुराचे निकष मोडले तर कलम १९०(२) आहे: पहिल्या वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड, ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, शिवाय ३ महिने लायसन्स अपात्र. हा केंद्राचा कायदा. केए-२२ (बेळगाव) किंवा केए-२३ (चिकोडी) ची पाटी घेऊन चोर्ला घाटातून गोव्यात उतरा, नाहीतर निपाणीवरून कागलला जा, कलमं तीच.

म्हणून माझा सल्ला सरळ आहे. बेंड बदला, पण मफलर कंपनीचाच ठेवा आणि आतली जाळी काढू नका. जाळी काढल्यानं ताकद वाढते हा समज गल्लोगल्ली आहे. वाढतो तो आवाज.

कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. १ एप्रिल २०२० नंतर विकल्या गेलेल्या बीएस-६ गाड्यांत धूर स्वच्छ करणारा हा डबा कुठेतरी असतोच, काहींत मफलरमध्ये, काहींत थेट बेंडमध्ये. तुमच्या गाडीत तो बेंडमध्ये असेल तर नवीन बेंडही कन्व्हर्टरवालाच हवा. मूळ बेंड मधेच फुगीर दिसत असेल तर तो डबा तिथेच आहे असं समजा. रिकामा पाईप लावलात तर रस्त्यावर ती गाडी बेकायदा ठरते आणि एमिशन टेस्टला अडकू शकते.

सेन्सरचं भोक. इंजेक्शनच्या (कार्ब्युरेटर नसलेल्या) गाडीला ऑक्सिजन सेन्सर असतो. नवीन बेंडवर त्याच्यासाठी आटे पाडलेली बोंडी (सेन्सर बसायची जाड कडी) वेल्ड केलेली हवी, मूळ पाईपवर होती साधारण त्याच जागी, त्याच मापाची. काही सेन्सर एम-१८ चे (१८ मिलिमीटर आट्यांचे) असतात, काही एम-१२ चे. सेन्सरचं टोक आडव्या रेषेपेक्षा वरून खाली झुकलेलं असावं. बोंडी पाईपच्या पोटाखाली असेल तर थंड पाईपात साचलेलं पाणी सेन्सरमध्ये उतरतं आणि आतलं सिरॅमिक तडकतं. असा पाईप फुकट मिळाला तरी घेऊ नका.

धातू. खानापूर, जांबोटी, कणकुंबी या पावसाच्या पट्ट्यात राहत असाल तर स्टेनलेस घ्या. पुढच्या चाकानं उडवलेला लाल चिखल थेट बेंडवर आणि त्याच्या नटांवर बसतो, आणि पावसाळाभर ओला राहतो. अथणी-गोकाकच्या कोरड्या अंगाला साधा क्रोमचा पाईपही बरीच वर्षं काढतो. पाईपला गुंडाळायची कापडी पट्टी मात्र पावसाच्या पट्ट्यात नकोच. ती पाणी धरून ठेवते आणि साधं लोखंड आतल्या आत खाते.

पाईपबरोबरच नवीन गॅस्केट, दोन नवे नट आणि क्लॅम्प घ्या. जुनं गॅस्केट एकदा दबलेलं असतं. ते परत तितकं दबत नाही. नट पितळी किंवा तांब्याचा मुलामा दिलेले मिळाले तर उत्तम, ते लोखंडी स्टडला चिकटत नाहीत. नायलॉनची रिंग असलेले लॉकनट इथे चालत नाहीत, नायलॉन वितळतं. स्प्रिंग वॉशरही नको, उष्णतेनं त्याचं पाणी उतरतं आणि तो नुसता चपटा पत्रा होऊन बसतो.

## १. आदली संध्याकाळ

सगळ्यात जास्त स्टड घाईनं तुटतात. इंजिनकडच्या नटांवर वर्षानुवर्षांचा गंज असतो, आणि स्टड रुतलेला असतो ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये (सिलिंडरच्या वरच्या झाकणात). तुटला की दोन तासांचं काम दोन दिवसांचं होतं.

आदल्या संध्याकाळी, गाडी थंड असताना, तारेच्या ब्रशनं नटांच्या पुढे आलेले स्टडचे आटे घासून काढा. चिखल, गंज, पपडी, सगळं. मग गंज सोडवणारं स्प्रे तेल नटाच्या मुळाशी मारा. तासाभरानं परत मारा, झोपताना परत. मफलरच्या बोल्टला आणि क्लॅम्पलाही थोडं. आटे न घासता नुसतं तेल मारलं तर ते पपडीवरच राहतं, आत जात नाही.

सावधान: गरम पाईपवर हे तेल मारू नका, पेट घेऊ शकतं. ब्रेक साफ करायचा स्प्रे तर गरम धातूवर कधीच नको. काहींत क्लोरीन असतं आणि त्याचा धूर विषारी होतो.

मोबाईलवर फोटो काढून ठेवा: सेन्सरची वायर कुठून जाते, कुठल्या क्लिपमध्ये बसते, मफलरच्या बोल्टवर वॉशर आणि रबर बुश कोणत्या क्रमानं आहेत. दुसऱ्या दिवशी वाटतं की लक्षात राहील. राहत नाही.

## २. मांडामांड

गाडी सपाट, कडक जमिनीवर मेन स्टँडला लावा. स्टँड नसेल तर पॅडॉक स्टँड उसना आणा. साइड स्टँडवर तिरक्या गाडीचं बेंड सरळ जुळलं की नाही हे डोळ्याला कळत नाही, आणि मफलर काढताना गाडी हलते.

हाताशी ठेवा:

- गोटी पान्यांचा सेट, लांब एक्स्टेन्शनसह. एम-६ च्या नटाला बहुधा १० चा पाना, एम-८ ला १२ किंवा १३ चा. गोटी सहा कोनी घ्या. बारा कोनी गोटी गंजका नट गोल करते.
- रिंग पाने आणि एलन कीचा सेट
- सेन्सरसाठी फिक्स पाना, एम-१८ ला बहुधा २२ चा
- टॉर्क पाना (किती जोरानं आवळलं ते दाखवणारा), मिळाला तर
- तारेचा ब्रश, बारीक पॉलिश पेपर, गोल कानस
- टोक वाकवलेला जुना स्क्रूड्रायव्हर
- उष्णता सोसणारं अँटीसीझ, म्हणजे आटे चिकटू न देणारं मलम (तांब्याचं किंवा निकेलचं), थिनर किंवा ॲसिटोन, स्वच्छ फडकी
- मफलरखाली टेकवायला लाकडी ठोकळा किंवा जुना टायर

पुढे रेडिएटर असलेली गाडी असेल तर त्याच्यावर जाड पुठ्ठा बांधा. पाना एकदा सटकला की बारीक जाळी चेपते.

तपासा: इंजिन हाताला थंड लागतंय ना? कोमट असेल तरी थांबा.

## ३. सेन्सर आधी

वायरचा कनेक्टर आधी सोडवा, तो बहुधा टाकीखाली किंवा फ्रेमच्या बाजूला असतो. कनेक्टर तसाच ठेवून सेन्सर फिरवला तर वायर पिळवटते आणि आत तुटते. बाहेरून काही दिसत नाही, मीटरवर इंजिनचा दिवा मात्र लागतो.

मग सेन्सर सोडवा आणि कापडात गुंडाळून उंचावर ठेवा. फरशीवर पडला तर तो गेला असंच समजा. टोकाला तेल, ग्रीस, सिलिकॉन काही लागू देऊ नका, आणि ते ब्रशनं घासूही नका.

कार्ब्युरेटरच्या गाडीवाल्यांनी ही पायरी सोडावी.

## ४. जुना पाईप उतरवणे

क्लॅम्पचा बोल्ट सैल करा. मफलरचा फ्रेमवरचा बोल्ट फक्त सैल करा, काढू नका. मफलरखाली ठोकळा द्या.

आता इंजिनकडचे नट. गोटी पूर्ण खोलवर बसलीय का पाहा. सोडण्याआधी नट केसभर आवळण्याच्या दिशेला हलवा. गंजाची पकड तिथे मोडते. मग सोडा. पाव फेरा सुटला की थोडा परत आवळा, पुन्हा सोडा, तेल मारा, पुन्हा. दोन्ही नट आळीपाळीनं. एकदम जोर लावून सोडलात आणि नट अचानक मऊ, रबरासारखा फिरायला लागला, तर तिथेच थांबा. स्टड पिळला जातोय. तुटण्याआधीची ती शेवटची खूण आहे.

नटाबरोबर अख्खा स्टडच बाहेर आला तर घाबरू नका, हे तुटण्यापेक्षा शंभरपट बरं. हेडमधले आटे शाबूत असतील तर नवा स्टड घालता येतो.

नट निघाले की पाईप पुढे ओढून मोकळा करा, मफलरमधून डावीउजवीकडे फिरवत बाहेर काढा. हातोडीनं ठोकू नका. फारच बसला असेल तर सांध्यावर तेल मारून चहा घेऊन या.

### स्टड तुटलाच तर

तुकडा बाहेर डोकावत असेल तर त्यावर दोन नट चढवून एकमेकांवर आवळा आणि आतल्या नटाला पाना लावून सोडवा. आटे खराब असतील तर त्यावर नट वेल्ड करून घ्यायचा. वेल्डिंगची उष्णता आणि नटाची पकड, दोन्ही मिळून तो बहुधा निघतो. वेल्डिंगआधी बॅटरीची वायर काढायला सांगा, इंजेक्शनच्या गाडीत तर नक्कीच.

तुकडा आत, सपाट तुटला असेल तर घरचं काम इथे संपलं. घरच्या ड्रिलनं भोक तिरकं जातं आणि हेड बिघडतं. तुटका स्टड काढायचा उलट्या आट्यांचा एक्स्ट्रॅक्टर आत मोडला तर तो इतका कडक असतो की साधं ड्रिल त्यात शिरत नाही. गाडी टेम्पोत घालून उद्यमबागेतल्या एखाद्या लेथवाल्याकडे न्या. बेळगावात फाउंड्री आणि मशीन शॉपची कमी नाही, ॲल्युमिनियममध्ये हेलिकॉइल (खराब आट्यांच्या जागी बसवायची आट्यांची स्प्रिंग) बसवणारा हात सापडतो. निपाणी-चिकोडीकडच्यांना कोल्हापूरचं उद्यमनगरही जवळच. त्याला सांगायचं ते एवढंच: भोक मूळ मापाचंच राहिलं पाहिजे, मोठा स्टड नको. मोठा स्टड घातला की फ्लँजचं (पाईपच्या तोंडावरच्या, स्टडवर बसणाऱ्या पट्टीचं) भोकही कापावं लागतं.

## ५. इंजिनचं तोंड

दोन चुका इथे सर्रास होतात.

पहिली: जुनं गॅस्केट आतच राहतं. दबून, काळं होऊन ते हेडचाच भाग वाटतं. त्यावर नवीन गॅस्केट घातलं की फ्लँज तिरका बसतो आणि गळती सुरू. टॉर्च मारून पाहा, कडेला नखानं चाचपा. कडी असेल तर वाकवलेल्या स्क्रूड्रायव्हरनं आतल्या कडेनं उचकटा, हळूहळू, चारी बाजूंनी. ॲल्युमिनियमवर ओरखडा पाडू नका. गॅस्केट बसतं त्या जागेवर पडलेला आडवा ओरखडा म्हणजे कायमची गळतीची वाट.

दुसरी: साफ करताना कार्बनचे खडे सिलिंडरमध्ये जातात. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडा असेल तर थेट आत. म्हणून प्लग काढा, वरच्या गिअरमध्ये मागचं चाक हातानं फिरवून इंजिन कॉम्प्रेशनवर आणा (प्लगच्या भोकावर अंगठा ठेवला की हवेचा दाब लागतो), म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह बंद होतात. मग तोंडात भडक रंगाचं फडकं कोंबा, त्याचं एक टोक बाहेर लोंबतं ठेवा आणि मगच घासा. प्लग लगेच हातानं परत लावून टाका, उघड्या भोकात काही पडायला नको.

स्टडचे आटे ब्रशनं स्वच्छ करा आणि नवा नट बोटांनी शेवटपर्यंत फिरतो का पाहा. मधेच अडकला तर डाय (आटे पाडायचं अवजार) फिरवून आटे सरळ करा. बोटांनी फिरत नाही तो नट पान्यानं खोटा टॉर्क दाखवतो: पाना म्हणतो घट्ट झालं, आणि गॅस्केट अजून दबलेलंच नसतं.

तपासा: फडकं काढलं? ते आत राहून गाडी चालू केल्याचे किस्से तुम्हीही ऐकले असतील.

## ६. कोरडी जुळणी

ही पायरी जवळजवळ सगळे गाळतात, आणि माझ्या मते सगळ्या कामात हीच सर्वांत महत्त्वाची.

गॅस्केट न घालता नवीन बेंड तोंडाला लावा, दोन्ही नट दोन-तीन आटे फिरवा, मागे मफलर चढवा आणि फ्रेमच्या बोल्टाचं भोक कुठे येतंय ते पाहा. बोल्ट हातानं, न ढकलता, आत जायला हवा. लागतीलच तर दोन-तीन मिलिमीटर इकडेतिकडे चालतात, ते मफलर बेंडवर थोडा पुढेमागे सरकवून जुळतात.

त्याहून जास्त फरक असेल तर तीन शक्यता: क्लॅम्पजवळ बेंड पुरेसा आत गेलेला नाही, रबर बुश झिजून मफलर लोंबतोय, किंवा पाईप दुसऱ्या मॉडेलचा आहे. एकाच नावाच्या गाडीचे जुने आणि नवे मॉडेल वेगळे असतात. २०२१ ची नवीन क्लासिक ३५० आणि तिच्या आधीची, दोघींचं इंजिनच वेगळं आहे. पाईप चुकीचा असेल तर आत्ताच परत करा. एकदा तापलेला पाईप कुणी परत घेत नाही.

फरक थोडा असेल तर मफलरच्या पत्र्याचं भोक गोल कानशीनं लांबट करा. पाईप गुडघ्यावर घेऊन वाकवायचा नाही, आणि "आवळ की बे गच्च, येतंय ते आपोआप" असं शेजारचा म्हणाला तरी ऐकायचं नाही. आपोआप येतं म्हणजेच ताण येतो.

जुळलं की आजूबाजूला हात फिरवून पाहा:

- मागच्या ब्रेकचं पॅडल पूर्ण दाबलं तर पाईपला लागतं का?
- लेग गार्ड, साइड स्टँड, सेंटर स्टँड उघडझाप करताना घासतात का?
- ऑइलचा ड्रेन बोल्ट आणि फिल्टरचं झाकण पाईप न काढता उघडता येतं का?
- वायर, क्लच केबल, पेट्रोलची नळी पाईपपासून लांब आहे का?
- हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून, पुढचा सस्पेन्शन दाबून, मडगार्ड बेंडला लागतो का?

शेवटचा प्रश्न घाटात महत्त्वाचा. अंगणात बोटभर दिसणारी फट चोर्ल्याच्या खड्ड्यात उरत नाही.

सगळं ठीक असेल तर परत उतरवा. हो, परत.

## ७. टांगणे आणि आवळणे

स्टडच्या आट्यांना अँटीसीझचा पातळ हात द्या. गॅस्केट तोंडात बसवा. खाली पडत असेल तर त्याला दोन-तीन ठिकाणी ग्रीसचा ठिपका लावून चिकटवा, ते पुढे जळून जातं. सिलिकॉनचा लाल गम इथे लावू नका. नीट बसलेल्या गॅस्केटला त्याची गरज नसते, आणि त्याची वाफ सेन्सर खराब करते.

आता क्रम, अगदी याच रीतीनं:

1. बेंड तोंडाला लावा. दोन्ही नट बोटांनी, नुसते टेकेपर्यंत.
2. मफलर बेंडवर चढवा, क्लॅम्प आधीच ओवलेला असू द्या. क्लॅम्प सैल.
3. मफलरचा फ्रेमवरचा बोल्ट, वॉशर आणि बुशसह, बोटांनी.
4. मफलर हातानं हलवून पाहा. सगळा पाईप एकसंध डुगडुगला पाहिजे. एखादी जागा आत्ताच घट्ट लागत असेल तर तिथे ताण आहे. सोडा आणि परत बसवा.
5. इंजिनकडचे नट आळीपाळीनं, एकावर अर्धा फेरा, दुसऱ्यावर अर्धा फेरा. फ्लँज आणि हेडमधली फट दोन्ही बाजूंना सारखी राहिली पाहिजे. डोळ्यांनी पाहा, बारीक पट्टी घालून मोजा.
6. मग क्लॅम्प.
7. सर्वांत शेवटी मफलरचा बोल्ट.

म्हणजे पुढून मागे. तोंडाशी पाईप सरळ बसतो, उरलासुरला फरक मागचं रबर बुश गिळतं. उलट केलं की तो फरक स्टडवर येतो.

किती आवळायचं? आकडा तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधला घ्या. तो हाताशी नसेल तर अंदाज म्हणून एम-६ च्या नटाला १० न्यूटन-मीटरच्या आसपास आणि एम-८ ला २० च्या आसपास. अँटीसीझ लावलेलं असलं की आटे सहज फिरतात, म्हणून आकड्याच्या वर अजिबात जाऊ नका. टॉर्क पाना नसेल तर लांब दांडी न लावता आखूड पाना धरा. गळती थांबवण्यासाठी अजून जोर लावणं हा उपाय नाही. गॅस्केट सरळ दबलं नसेल तर जोरानं ते सरळ होत नाही, स्टड मात्र ताणला जातो.

सेन्सर आता लावा. आट्यांना सेन्सरसाठीचं अँटीसीझ किंचित, टोकाला नाही. नव्या सेन्सरला ते कंपनीतूनच लावलेलं येतं. आधी सेन्सर फिरवून घट्ट, मग कनेक्टर. वायर फोटोत होती त्याच क्लिपमधून न्या.

जोड स्प्रिंगनं धरणारा पाईप असेल तर स्प्रिंगा हुकानं ओढून लावा, पक्कडनं नको. डोळ्यांवर चष्मा घाला. स्प्रिंग निसटली तर तोंडावरच येते.

## ८. चालू करण्याआधी पुसणे

नवीन पाईपवर बोटांचे ठसे, ग्रीस, तेलाचे थेंब असतात. ते पहिल्याच तापण्यात जळून कायमचे उमटतात. थिनरनं किंवा ॲसिटोननं अख्खा पाईप पुसा, मग दुसऱ्या कोरड्या फडक्यानं. त्यानंतर उघड्या हातानं स्पर्श नाही. थिनरची बाटली आणि फडकी दूर ठेवा, वास गेला की मगच किल्ली.

प्लग पान्यानं घट्ट केला आणि त्याची कॅप लावली ना, हेही आत्ताच बघा.

गाडी उघड्यावर घ्या. ओसरीत, बंद शेडमध्ये किंवा पडवीत चालू ठेवू नका. एक्झॉस्टमधल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि गळतं गॅस्केट तो वायू थेट तुमच्या तोंडासमोर सोडतं.

## ९. पहिली सुरुवात आणि गळती

चालू करून नुसती मंद ठेवा. थोडा धूर निघेल, तेल आणि ग्रीस जळतंय. काही मिनिटांत तो थांबायला हवा. स्टेनलेस पाईप तोंडापाशी आधी सोनेरी, मग निळसर होईल. तो दोष नाही.

गळती पाहायची वेळ हीच, गाडी थंड असतानाची पहिली दोन मिनिटं. तापल्यावर सांधे फुगून लहान गळती लपते. पेटलेली उदबत्ती तोंडाच्या सांध्याभोवती आणि क्लॅम्पभोवती हळू फिरवा, पेट्रोलच्या नळीपासून लांब. धूर एका ठिकाणी झटक्यानं उडतोय किंवा आत ओढला जातोय? तिथे फट आहे. घड्याळासारखी टिकटिक ऐकू येत असेल तर तीही तिथलीच.

तोंडाशी गळती असेल तर गाडी बंद करा, पूर्ण थंड होऊ द्या, सातव्या पायरीतले सगळे बोल्ट परत सैल करा आणि पुन्हा पुढून मागे या. एकच नट आवळून "बघूया" म्हणू नका. दोनदा करूनही गळती राहिली तर जुनं गॅस्केट आत आहे का ते पुन्हा बघा. निम्म्याहून जास्त वेळा तेच असतं, असा माझा अंदाज.

थ्रॉटल सोडल्यावरच्या फटाक्यांचा अर्थही समजून घ्या. सेन्सरच्या आधी फट असली की बाहेरची हवा आत ओढली जाते आणि न जळलेलं पेट्रोल पाईपातच पेटतं. शिवाय सेन्सरला ऑक्सिजन जास्त दिसतो, ईसीयूला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) वाटतं पेट्रोल कमी पडतंय आणि तो ते वाढवतो. गाडी जास्त पिते, प्लग काळा होतो, आणि लोक पाईपला किंवा पेट्रोल पंपाला दोष देतात.

कार्ब्युरेटरची गाडी असेल तर दोन-चार दिवस चालवून प्लग काढून पाहा. विटकरी-तपकिरी रंग चांगला. पांढरटपणा म्हणजे पेट्रोल कमी पडतंय, अशी गाडी निपाणी ते बेळगाव हायवेला सतत जोरात हाणू नका. आधी जेट (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल सोडणारं बारीक भोक) तपासून घ्या. काजळी काळी असेल तर उलट.

## १०. पुढचे दोन आठवडे

पहिल्या फेरीनंतर, इंजिन पूर्ण थंड झाल्यावर, इंजिनकडचे नट त्याच टॉर्कवर एकदा तपासा. गॅस्केट तापून बसलेलं असतं, थोडा फेरा मिळतो. साधारण १०० किलोमीटरनंतर पुन्हा एकदा. गरम असताना आवळू नका. तिसऱ्यांदाही नट फिरतोच आहे असं झालं तर आवळत राहू नका. स्टड ताणतोय किंवा हेडमधले आटे सुटताहेत.

इंजिनचा दिवा लागला तर आधी सेन्सरचा कनेक्टर नीट बसलाय का आणि वायर पाईपला टेकून वितळली नाही ना, हे पाहा. सेन्सरला फसवणारे डमी जोड विकतात, त्यांच्या नादी लागू नका. दिवा विझतो, बिघाड तसाच राहतो.

एमिशन टेस्ट लगेच करून घ्या, जुनं सर्टिफिकेट अजून चालत असलं तरी. आकडा हाती आला की काम बरोबर झालं की नाही याचा पुरावा मिळतो. विम्याच्या कंपनीला बदल लेखी कळवा. गाडी वॉरंटीत असेल तर हे काम करण्याआधीच शोरूममध्ये विचारून घ्यायला हवं होतं. अजून पाईप लावला नसेल तर आत्ता विचारा.

पावसाळ्यात दर धुण्याला नटांवरचा चिखल पाण्यानं काढा, वाळू द्या. पावसाळा संपला की एकदा नट सोडून, आटे घासून, अँटीसीझ लावून परत बसवा, नवीन गॅस्केटसह.

जुना बेंड भंगारात देऊ नका. आतून-बाहेरून पुसा, तेलाचा हात फिरवा, मूळ नट आणि क्लॅम्प पिशवीत घालून त्यालाच बांधा आणि माळ्यावर टाका. फिटनेस तपासणी, गाडीची विक्री किंवा वॉरंटीचा वाद, कुठेतरी तो लागतोच.